पोहायचं लेकरांनी, तयारी घराची
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

धाराशिव जिल्हा म्हटलं की क्रीडारसिकांना पहिल्यांदा खो-खो आठवतो. आपल्या सारिका काळे यांना 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा गावोगावच्या मैदानांना आनंद झाला. खो-खोच्या सामन्याला जाताना घरच्यांनी काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पोहण्याच्या स्पर्धेचं मात्र तसं नाही. आपल्याकडे पोहणं हा कधी खेळ नव्हताच. ते घरचं शिक्षण होतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मामा, काका किंवा चुलतभाऊ लेकराला विहिरीवर नेत. कमरेला कासरा, पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा, पुढच्या काळात गाडीची ट्यूब, आणि काठावर एक जाणता माणूस. आठ-दहा दिवसांत पोर तरंगू लागे. त्याला कुणी पदक देत नसे.

आता एप्रिल-मे महिन्यांत शहरांतल्या जलतरण तलावांवर उन्हाळी शिबिरं भरतात आणि शिबिराच्या शेवटी बहुधा स्पर्धा असते. सुट्टीत आत्याकडे, मावशीकडे गेलेली आपली मुलंही त्यात उतरतात. त्यांच्याबरोबर जाणारे आई-बाप, आजी-आजोबा मात्र आयुष्यात पहिल्यांदाच अशी स्पर्धा पाहत असतात. मी काही क्रीडाशिक्षक नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण धाकट्या भावाच्या दोन लेकरांबरोबर, ती मला बडे अब्बा म्हणतात, काही उन्हाळे तलावाच्या काठावर बसलो. तिथं पाहिलेलं आणि प्रशिक्षकांना विचारून समजून घेतलेलं आज सांगणार आहे. स्पर्धेची तयारी लेकराइतकीच घरालाही करावी लागते.

सर्वांत आधी विहीर आणि तलाव यांतला फरक ध्यानात घ्यावा. विहिरीची खोली आपण परसात मोजतो. तीन-चार परस पाणी असेल तर पोरगं वरून बिनधास्त सूर मारतं. जलतरण तलावाची एक बाजू मात्र पुष्कळदा तीन-चार फूटच खोल असते. तिथं विहिरीच्या सवयीनं डोकं खाली करून उडी मारली तर डोकं तळाला आपटतं, मानेचा मणका मोडू शकतो आणि माणूस जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून विहिरीत शिकलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काठानं चालवत न्यावं आणि उथळ बाजू कुठली, खोल कुठली, हे दाखवावं. प्रशिक्षकांनी सांगितल्याशिवाय सूर मारायचा नाही, हा पहिला नियम.

दुसरा फरक पोहण्याच्या ढबीचा. विहिरीत आपण डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो, कारण समोर भिंत असते, शेजारी दुसरं पोर उडी मारत असतं. स्पर्धेत तोंड पाण्यात ठेवून श्वास पाण्यात सोडायचा आणि मान बाजूला वळवून घ्यायचा असतो. विहिरीतला तरबेज पोरगा इथं पहिल्या दिवशी मागे पडतो आणि हिरमुसतो. त्याला समजावून सांगावं की पाण्याची भीती जाणं हा अवघड भाग होता, तो तू विहिरीत पार केलास. आता फक्त ढब बदलायची आहे.

आता स्पर्धा कशी चालते ते पाहू. तलाव 25 किंवा 50 मीटर लांबीचा असतो. दोऱ्या बांधून त्याच्या लेन पाडलेल्या असतात आणि एका लेनमध्ये एकच स्पर्धक पोहतो. चार मुख्य प्रकार असतात: फ्रीस्टाइल, पाठीवर पोहायचा बॅकस्ट्रोक, बेडकासारखे पाय मारायचा ब्रेस्टस्ट्रोक आणि दोन्ही हात एकदम फेकायचा बटरफ्लाय. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. शिबिरातले गट संयोजक ठरवतात. वयाचा दाखला लागतोच, तेव्हा जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावं.

मुलं जास्त असली की त्यांच्या तुकड्या पाडतात, त्यांना हीट म्हणतात. इथं घरच्यांची हमखास गल्लत होते. आपलं लेकरू त्याच्या हीटमध्ये पहिलं आलं की आपण पेढे वाटायला निघतो. पण लहान स्पर्धांत बऱ्याचदा सगळ्या हीटमधल्या मुलांची वेळ एकत्र लावून क्रमांक काढतात. आपल्या हीटमधला पहिला एकूण यादीत नववा असू शकतो आणि दुसऱ्या हीटमधला चौथा एकूण तिसरा येऊ शकतो. ही गोष्ट लेकराला आधीच सांगून ठेवली की नंतर रडारड होत नाही.

नियमही थोडे माहीत असावेत. इशारा होण्याआधी उडी मारली की स्पर्धक बाद होतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. एक हात लागला तरी बाद. फ्रीस्टाइलमध्ये दमून तळाला उभं राहिलं तर चालतं, पण तळावरून चालता येत नाही. दोरी ओढून पुढे सरकता येत नाही. मात्र प्रत्येक लेकराला एक गोष्ट ठासून सांगावी: दम लागला, पाणी नाकात गेलं, पायात गोळा आला, तर खुशाल दोरी धरायची. शर्यत गेली तर गेली. दोरी धरल्याबद्दल घरी कुणी रागावणार नाही, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी पोहणं असतं मिनिटभराचं आणि वाट पाहणं असतं चार-पाच तासांचं. या वाट पाहण्यातच मुलं थकतात. उन्हानं फरशी तापलेली असते, म्हणून चपला हव्यात. ओलं अंग वाऱ्यानं गार पडतं, म्हणून दोन टॉवेल हवेत, एक पुसायला आणि एक पांघरायला. चष्मा आणि टोपी नवी कोरी त्या दिवशी काढू नये, आठवडाभर आधी वापरून पाहावी. आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडू नये, कारण टोपी निसटते आणि पाणीही खराब होतं. शर्यतीआधी दीड-दोन तास पोटभर पण हलकं खायला द्यावं: भाकरी-भाजी, दहीभात, पोहे, जे रोज पोटात जातं तेच. दोन शर्यतींच्या मधे केळं किंवा दोन-चार खजूर पुरेत. वडापाव, भजी घरी परत निघताना. पाण्यात असलं तरी अंगाला घाम येतोच, तेव्हा थोडं थोडं पाणी पीत राहायला सांगावं. ताप असेल, कान वाहत असेल, तर त्या दिवशी पाण्यात उतरू देऊ नये. फिट येण्याचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारावं आणि प्रशिक्षकांना आधी सांगावं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, लपवण्यात मात्र धोका आहे.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. आमची पुतणी बारा वर्षांची झाली आणि घरात कुजबुज सुरू झाली, की आता पोहणं पुरे. असं बोलणं फक्त आमच्याच घरात होतं असं नाही, वाड्यावस्तीवर सगळीकडे होतं. आमची अम्मा दख्खनीत एवढंच बोलली, "पानी कू क्या मालूम, छोरी है के छोरा?" बुडवताना पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही, मग शिकवताना आपण का पाहावं? त्यावर घरानं नुसती परवानगी दिली नाही, व्यवस्था केली. अंगभर पोहण्याचा पोशाख कुठला चालतो ते संयोजकांना आधी विचारलं. कपडे बदलायला बंद खोली आहे का, महिला प्रशिक्षक किंवा मदतनीस आहे का, ते पाहून घेतलं. पाळी आली असेल तर उतरायचं की नाही, हे मुलीनं आणि तिच्या आईनं ठरवावं, जबरदस्ती नाही आणि ओरडाही नाही, असं ठरलं. एवढं झालं आणि कुजबुज थांबली. पुष्कळ मुलींचं पोहणं कुणी नाही म्हटल्यामुळे सुटत नाही, व्यवस्था कुणी न केल्यामुळे सुटतं.

आता काठावर बसलेल्या मोठ्यांविषयी. "मार हात! मार!" म्हणून आपण घसा कोरडा करतो. पाण्यात तोंड असलेल्या मुलाला त्यातलं फारसं काही ऐकू येत नाही. शर्यत संपल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "कितवा आलास?" त्याऐवजी विचारावं, "मागच्या वेळेपेक्षा किती सेकंद कमी लागले?" पोहण्यात वेळ मोजली जाते, हे या खेळाचं मोठं दान आहे. शेवटच्या क्रमांकावर आलेलं लेकरूही स्वतःच्या जुन्या वेळेला हरवून आलेलं असतं. घरी एक वही करावी आणि तारीख, अंतर, वेळ लिहावी.

वेळेशी झुंजलेली माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला आणि 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. या स्पर्धेत भारताला पोहण्याचं पदक 24 वर्षांनी मिळालं होतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवनं लहानपणी अपघातात दोन्ही हात गमावले, तरी 2018 साली जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत बटरफ्लायचं सुवर्णपदक आणलं. 2020 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. ही नावं लेकरांना सांगावीत. पण "तू त्यांच्यासारखा हो" असं ओझं घालून नव्हे, तर पाण्यात कुणालाही जागा आहे, हे कळावं म्हणून.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, खुद्द पाण्याचीच. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी विहिरी कोरड्या पडतात आणि पोहण्याच्या तलावात पाणी भरा म्हणणं शोभत नाही. तेव्हा सराव बंद, म्हणून मुलांनी खट्टू होऊ नये. धावणं, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार यांनी दम टिकतो. मात्र एक खेळ मुलांना अजिबात खेळू देऊ नये: हौदात किंवा विहिरीत बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो, ही पैज. भराभर दीर्घ श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि पाण्यातच शुद्ध हरपते. चांगलं पोहणारी मुलंही अशानं दगावतात.

आणि शेवटची तयारी स्पर्धेनंतरची, गावी परत आल्यावरची. गळ्यात पदक पडलं की लेकराला वाटतं, आता कुठलंही पाणी आपलंच. पण तलावावर जीवरक्षक असतो, शेतात नसतो. आपल्याकडे आता शेततळी पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो, की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ज्यांचं शेततळं आहे त्यांनी कुंपण घालावंच, शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवावेत. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वासच नसतो. म्हणून मुलं पाण्यात असताना काठावरच्या माणसानं मोबाइल खिशात ठेवावा. आणि कुणी बुडताना दिसलं तर मुलांनी स्वतः उडी न मारता आधी हाका माराव्यात आणि दोर, रिकामा कॅन, धोतर, साडी, जे हाताशी असेल ते फेकावं. हे पदक जिंकलेल्या मुलाला तर दोनदा सांगावं, कारण उडी मारायचा मोह त्यालाच जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची बालकं होती. आपल्या देशात 2022 साली 38 हजारांहून अधिक बळी गेल्याची सरकारी नोंद आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2021 पासून 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला आहे. आपल्याकडे तो दिवस पावसाळ्यात येतो. आपली तयारी त्याच्या आधी, उन्हाळ्यात व्हायला हवी. या सुट्टीत घरातल्या एका तरी लेकराला, आणि मुलगी असेल तर तिला आधी, जाणत्या माणसाच्या नजरेखाली पाण्यात उतरवा. स्पर्धा असेल तर पिशवी भरून सगळे मिळून जा. पदक मिळालं तर भिंतीवर लावा. नाही मिळालं, तरी पोहता येणारं लेकरू घरी आलेलं असेल.