शिवणयंत्राची निगा: भिस्त स्पर्शावर आणि श्रवणावर

शिवणकाम हे देशातील असंख्य घरांचे उपजीविकेचे साधन आहे. दृष्टी गेल्यास हे साधनही गेले, असा समज होण्याचा संभव असतो. तथापि सरळ टाका घालणाऱ्या घरगुती यंत्राची बहुतेक नित्याची देखभाल स्पर्श आणि श्रवण यांच्या आधारे करता येते. ती स्वतःला येत असेल, तर टाका बिघडला म्हणून कारागिराची वाट पाहत काम अडून राहत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी विजेच्या यंत्राचा प्लग काढावा. पायाच्या यंत्राचा पट्टा चाकावरून उतरवावा. सुटे भाग उभ्या काठाच्या ताटात, काढलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडावेत. ताटात लोहचुंबक ठेवल्यास बारीक स्क्रू घरंगळत नाहीत.

सुई

घरगुती यंत्राच्या सुईचा वरचा जाड भाग एका बाजूने सपाट असतो. चिमटीत फिरवताच ती बाजू बोटांना कळते. तिच्या विरुद्ध बाजूला सुईच्या लांबीभर एक खाच असते. ती नखाला लागते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा असतो. सुईजवळच्या शेवटच्या कडीतून दोरा ज्या बाजूने येतो, त्याच बाजूला खाच ठेवावी. सुई उलटी बसल्यास टाकाच पडत नाही. सुई वरपर्यंत भिडवून मगच स्क्रू आवळावा. ओवण्यासाठी तारेचा ओवणीफास किंवा नेढ्याला चीर असलेली सुई उपयोगी पडते. १४, १६ आणि १८ क्रमांकांच्या सुया ब्रेल चिठ्ठी लावलेल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात.

दोऱ्याचा ताण

दोरा ओवताना फूट वर, तर ताण जुळवताना खाली असावा. फूट वर असताना ताणाच्या चकत्या सैल होतात. नमुन्याची शिवण घालून तिच्या दोन्ही अंगांवरून नख फिरवावे. वरच्या अंगाला बारीक गाठी लागल्यास वरचा ताण जास्त आहे. खालच्या अंगाला लागल्यास तो कमी आहे. खात्रीसाठी कापडाच्या तिरक्या धाग्यावर शिवण घालून ती झटक्याने ताणावी. वरचा दोरा तुटला तर वरचा ताण जास्त, खालचा तुटला तर खालचा जास्त, दोन्ही एकदम तुटले तर ताण समतोल आहे.

बॉबिनचा ताण तपासण्यासाठी भरलेली केस दोऱ्याने लोंबती धरून हलका हिसका द्यावा. ती थोडी खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली गेल्यास ताण सैल, न हलल्यास घट्ट. केसचा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये. योग्य ताणाच्या जागी चकतीवर नेलपॉलिशचा उंच ठिपका दिल्यास ती जागा पुन्हा सापडते.

टाक्याची लांबी

येथे ब्रेल वाचणाऱ्यांना एक सोय आपोआप लाभते. ब्रेल अक्षरातील शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते, आणि साध्या सुती कापडासाठी मध्यम टाकाही तेवढाच, म्हणजे इंचाला सुमारे दहा, असतो. जुनी सुई लावून, दोरा न ओवता, जाड कागदावर यंत्र चालवावे. कागदाच्या मागे उमटलेले उंचवटे बोटाने वाचता येतात.

स्वच्छता आणि तेल

दातेरी पट्टीखाली आणि शटलभोवती साचलेले धागे ब्रशने काढावेत. जेथे धातू धातूवर घासतो, त्या प्रत्येक छिद्रात शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब लांब नळीने सोडावा. छिद्रे ठरलेल्या क्रमाने मोजत गेल्यास एकही सुटत नाही. खोबरेल किंवा खाद्यतेल वापरू नये. ते घट्ट होऊन भाग चिकटतात. नंतर यंत्र थोडा वेळ विनादोरा चालवावे आणि प्रथम चिंधीवर शिवावे.

आवाज हीही एक तपासणीच आहे. कोरडी करकर तेलाची गरज सांगते, तर ठकठक ऐकू येताच थांबून सुई वाकली आहे का, हे पाहावे. सुई आणि शटल यांचा मेळ चुकणे किंवा विजेच्या तारांचा बिघाड ही कामे मात्र कारागिराकडेच सोपवावीत.

दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणाला व स्वयंरोजगाराला साहाय्य करण्याची जबाबदारी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने शासनावर टाकली आहे. अशा प्रशिक्षणात शिवण्याइतकेच यंत्राच्या निगेलाही स्थान मिळाले, तर हाती आलेले यंत्र दीर्घकाळ चालते राहील.