'गिव्ह अप' आणि आमचे 'सोडून देणे'

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या बेळगाव-निपाणी भागातील घराघरांतून इंग्रजी क्रियापदांच्या याद्यांचा घोष ऐकू येऊ लागतो. 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे वाटून टाकणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, हे मुलाने खालच्या इयत्तांतच शिकलेले असते. (वर देणे हे तर देवाचे काम!) मग त्यातून 'सोडणे' कसे निघाले, हा त्याचा प्रश्न रास्त असतो. त्याला मिळणारे उत्तर मात्र ठरलेले आहे : पाठ कर.

परभाषकाची ही अडचण जुनी आहे. डॉ. जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेतच क्रियापदाला असा लहानसा शब्द चिकटून अर्थ पालटतो आणि परकीयांना तो कठीण जातो, असे त्याने नमूद करून ठेवले. अशा जोडक्रियापदांना आज रूढ असलेले 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या ग्रंथातून पुढे आले. इंग्रजांनाही हे प्रकरण वेगळे काढून नाव देण्याजोगे वाटले, तेथे आमच्या मुलांनी गोंधळावे यात नवल ते काय?

परंतु सीमाभागातील मुलाने इतके गोंधळण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते. 'सोडून दे' हे त्याच्या तोंडातले शब्द घ्या. येथे 'दे' कोणाला काय देतो? काहीच नाही. 'सोडणे' ही क्रिया पुरती उरकली, मागे धागा उरला नाही, एवढेच तो सांगतो. 'खाऊन टाक' म्हणताना आपण काही फेकत नाही, आणि 'बोलून बसलो' म्हणणारा उभाही असू शकतो. मराठी ही छटा दुसऱ्या क्रियापदाने दाखवते. इंग्रजी 'अप', 'ऑफ', 'आउट' अशा चिमुकल्या शब्दांनी दाखवते. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाक', हे एकदा उमगले की यादीतील बऱ्याच ओळींचे भय जाते.

आमच्या मुलांपाशी तर याहून अधिक आहे, कारण बाजारात व शेजारी त्यांच्या कानांवर कानडी असते. कानडीत 'बिडु' म्हणजे सोडणे. 'खाऊन टाक' याला 'तिंदु बिडु', आणि एखादी गोष्ट कायमची टाकून दे म्हणायचे तर 'बिट्टु बिडु', म्हणजे शब्दशः 'सोडून सोड'! त्याच्या जोडीला 'बिट्टु कोडु' आहे. 'कोडु' म्हणजे देणे. तेव्हा हे हुबेहूब आपले 'सोडून दे'. मात्र कानडी येथे एक सुंदर भेद करते. विडी सोडायची तर 'बिट्टु बिडु'. आपली वस्तू वा हक्क दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर 'बिट्टु कोडु'. इंग्रजी 'गिव्ह अप' हे दोन्ही अर्थ एकाच पोटात घालते. व्यसन 'गिव्ह अप' करता येते, तसाच किल्लाही शत्रूला 'गिव्ह अप' करता येतो.

देणे आणि सोडणे यांचे हे नाते आपल्या आचारांतही मुरलेले आहे. दान देताना हातावरून पाणी सोडतात. त्यावरून आशा टाकण्याला 'पाणी सोडणे' आले. दानाच्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवतात. म्हणून सर्वस्वावर 'तुळशीपत्र ठेवणे'. मृताला तिळमिश्रित पाणी देतात. त्यावरून 'तिलांजली देणे'. हे तिन्ही 'गिव्ह अप'च. पण विडीवर कोणी तुळशीपत्र ठेवीत नाही, आणि वडिलार्जित वाटा भावाला देणारा त्या वाट्याला तिलांजली दिली असे म्हणत नाही. डॉक्टर रोग्यापुढे 'हात टेकतात', वादी 'माघार घेतो', भित्रा 'कच खातो', गुन्हेगार 'स्वाधीन होतो', कोडे न सुटलेले पोर नुसते 'हरलो' म्हणते. प्रत्येकाला वेगळा शब्द देणारी ही श्रीमंती मार्गदर्शक पुस्तकांतील एकट्या 'सोडून देणे'ने झाकून टाकावी, याचे आम्हांस वाईट वाटते.

निपाणीत तर हे क्रियापद पोटापाण्याशी येऊन भिडते. 'तंबाखू सोडली' असे कोणी म्हटले की खाणे सोडले की पीक सोडले, हे विचारावे लागते. पहिल्याचे अभिनंदन करावे. दुसऱ्यामागे कोणाची उसाकडे वळण्याची, कोणाची कर्जाची कथा असते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी येथे पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्यांना रस्ता सोडायचा नव्हता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांनी प्राण सोडले. रस्ता सोडणे आणि प्राण सोडणे, दोन्हीकडे क्रियापद एकच. इंग्रजीतही दोहोंना 'गिव्ह अप' चालेल, पण एका वाक्यात ते लिहिताना लेखणी थबकते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चाललेल्या सीमावादातही हाच शब्द दोन्ही बाजूंनी घुमत आला आहे. एक बाजू 'सोडणार नाही' म्हणते, दुसरी 'बिट्टु कोडुवुदिल्ल' म्हणते. वाद कसाही असो, व्याकरण एकच आहे!

आता जेथे घसरायला होते ती स्थळे. एकादशीचा उपास द्वादशीला सोडतात. मूल तेथे 'गिव्ह अप' लिहिते आणि उपास अर्ध्यावर टाकल्याचा अर्थ होतो. तेथे 'ब्रेक' हवे. 'मला घरी सोड', कानडीत 'मनेगे बिडु', येथे इंग्रजीला 'ड्रॉप' लागते. भांडणानंतर आई 'जाऊ दे, सोडून दे' म्हणते, त्या क्षमेला 'लेट इट गो' जवळचे. 'गिव्ह अप'ला पराभवाचा वास येतो, आईच्या शब्दांना तो नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे की जी पाठच करावी लागेल. 'ते सोडून दे' याला 'गिव्ह इट अप' म्हणतात. 'गिव्ह अप इट' चालत नाही. सर्वनाम नेमके दोघांच्या मध्ये जाऊन बसते. 'सोडून ते दे' असे आपण सहसा म्हणत नाही, म्हणून मूल चुकते. तरीही 'सोडूनच दे', 'सोडून तरी दे' असे म्हणताना आपणही त्या फटीत काहीतरी सारतोच. शिक्षकांनी फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून पाहावीत.