सांगणाऱ्याची आठवण



बांधाचे भांडण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. एक भाऊ पंचांपुढे उभा राहतो आणि म्हणतो, “आजोबांच्या वेळेपासून बांध इथेच होता.” ऐकणाऱ्याला पटते. मग दुसरा उठतो, त्याचेही ऐकले म्हणजे तेही पटते! शहाणा पंच दोघांचे ऐकून घेतो, शेतात जाऊन खुणेचा दगड पाहतो आणि मगच तोंड उघडतो. पण समजा, दोघांपैकी एकजण हयातच नाही. आणि जो हयात आहे, त्याच्या हाती साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असा कर्णा आहे. मग न्याय कसा व्हायचा? २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ‘यलोफेस’ ही इंग्रजी कादंबरी याच प्रश्नावर उभी आहे. तिच्याविषयी आज आपल्याशी थोडे बोलावे असा विचार आहे.

लेखिकेचे नाव आर. एफ. क्वांग. त्यांचा जन्म चीनमधला, पण त्या वाढल्या अमेरिकेत. पूर्वी पाश्चात्य नाटकसिनेमांत गोरे नट रंगभूषा करून चिनी-जपानी माणसांची सोंगे घेत. त्या सोंगाला ‘यलोफेस’ म्हणतात. कादंबरीतही एक सोंग आहे, मात्र ते चेहऱ्याचे नसून लेखणीचे आहे.

जून हेवर्ड आणि अथीना लिऊ या दोघी येल विद्यापीठातल्या मैत्रिणी. दोघी लेखिका. अथीना पंचविशीतच नावारूपाला आली. पुस्तके खपतात, फोटो झळकतात, समाजमाध्यमांवर चाहत्यांची झुंबड. जूनचे पहिले पुस्तक मात्र कोणाच्या फारसे लक्षातही राहिले नाही. अशा दोघींची मैत्री कशी असेल? भेटल्या की हसायचे, एकमेकींचे कौतुक करायचे आणि घरी आल्यावर जूनने आतल्या आत जळायचे. आपल्याकडे म्हण आहे ना, ओठात एक आणि पोटात एक, तसलीच ही मैत्री.

एका रात्री अथीनाच्या घरी खाताना तिच्या घशात घास अडकतो आणि ती मरते. समोर एकटी जून. “मी तिला वाचवायची खटपट केली,” असे जून आपल्याला सांगते. साक्षीला दुसरे कोणी नाही. घरी परतताना तिच्याजवळ अथीनाचे एक हस्तलिखित असते. पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी सुमारे १ लाख ४० हजार चिनी मजूर युरोपात नेले होते. त्या विस्मृत मजुरांची कथा त्यात आहे. अथीनाने ती टंकयंत्रावर लिहिलेली, तेव्हा दुसरी प्रत नाही. जून ती दुरुस्त करते, वाढवते आणि स्वतःच्या नावाने छापते. नावही कसे, तर ‘जुनिपर साँग’. साँग हे तिचे खरेच मधले नाव, पण ऐकणाऱ्याला ते चिनी वाटावे ही सोय! पुस्तक गाजते. मग तेव्हाच्या ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, मेलेल्या अथीनाचे भूत म्हणवणारे एक निनावी खाते उगवते आणि चोरीचा आरोप करते. काल ओवाळणारे लोक आज दगड मारू लागतात. पुढचे मी सांगत नाही, वाचणाऱ्याची गंमत जाईल.

आता खरी मेख ऐका. सारी कथा जूनच्या तोंडून आहे. प्रारंभी ती म्हणते, मी फक्त हस्तलिखित पुरे केले. पुढे म्हणते, निम्मे तर माझेच आहे. आणखी पुढे, माझ्यावाचून हे पुस्तक झालेच नसते. ती लबाडी करते खरी. पण हळूहळू तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत जातो. आणि अथीना तरी धुतल्या तांदळासारखी होती काय? कॉलेजात असताना जूनने एका रात्रीचे आपले दुःख विश्वासाने तिला सांगितले होते. पुढे तेच दुःख अथीनाच्या कथेत छापून आले. चोर कोण, कोणाची आठवण कोणाच्या मालकीची, हे ठरवताना वाचकाची पंचाईत होते.

माणसाची आठवण अशी बदलते, हे शास्त्रानेही पाहिले आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. ५० जणांना विचारले, “मोटारी एकमेकींवर जोराने आदळल्या, तेव्हा वेग किती होता?” दुसऱ्या ५० जणांना ‘आदळल्या’ऐवजी ‘लागल्या’ असा सौम्य शब्द घातला. उरलेल्या ५० जणांना वेग विचारलाच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, “फुटलेली काच पाहिलीत का?” फिल्ममध्ये काच नव्हतीच. पण पहिल्या गटातल्या १६ जणांना ती आठवली, दुसऱ्या गटातल्या ७ जणांना. एका शब्दाने एवढे घडते. मग जी गोष्ट आपण शंभरदा सांगतो, टाळ्या घेत सांगतो, तिचे काय होत असेल? गावोगावची पोरे हल्ली मोबाईलवर रील करतात. ज्या सांगण्याला जास्त पसंती मिळते ते पुन्हा सांगितले जाते, आणि मूळ प्रसंग मागे राहतो.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. शाळेत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला ढाल मिळाली होती. “ते भाषण मी एका रात्रीत लिहिले,” असे वर्गात मुलांना मी दरवर्षी सांगत आलो. मागे एका लग्नात जुना वर्गमित्र भेटला. तो आता शेती करतो. जेवताना सहज म्हणाला, “तू बोललास झकास, पण भाषण माझ्या वहीतलं होतं रे.” मला राग आला. घरी येऊन ट्रंक उपसली, वही सापडली. अक्षर माझेच! पण मग मनात आले, मी ते उतरवून घेतले असले तरी अक्षर माझेच असणार. आणि त्या भाषणात पेरणीचा एक दृष्टांत आहे. माझ्या घरी तर शेत नव्हते. खरे काय ते मला आज सांगता येत नाही. मित्राला फोन करून एवढेच म्हणालो, “तुझं खरं असेल. यापुढे मी ती गोष्ट मुलांना तशी सांगणार नाही.” तो हसला, आणि पिकापाण्याचे बोलू लागला. मला मात्र त्या दिवशी हलके वाटले.

शिक्षकबंधू-भगिनींना एक सुचवावेसे वाटते. सहलीहून परतल्यावर मुलांना एकच प्रसंग वेगवेगळे बसवून लिहायला सांगा आणि मग शेजारी शेजारी ठेवून वाचा. फरक दिसतील. कोण खोटे बोलले हे शोधू नका; कोणाला काय दिसले आणि का, एवढे विचारा. ‘मी’ म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट ही एका बाजूची जबानी आहे, हे मुलांना एकदा कळले की पुस्तक असो वा मोबाईल, ती सावधपणे ऐकतील. आणि स्वतःची गोष्ट सांगताना, जो तिथे बोलायला हजर नाही त्याच्यासाठी थोडी जागा ठेवतील.

मित्राच्या वाट्याची जागा ठेवायला मला तीस वर्षे लागली. आपल्या मुलांना इतकी लागू नयेत, एवढीच इच्छा.