पांचव्या चाकाची पाणसळ



बैलगाडींत मागच्या बाजूस ओझें अधिक झालें म्हणजे जूं वर उचललें जातें, आणि गाडी उलाळ झाली असें आपल्याकडील गाडीवान म्हणतात. उलट ओझें पुढें सरकलें तर बैलांच्या माना दबतात. बैल ही गोष्ट दहा पावलांत कळवतात. मोटारीला मान नाहीं. तिची तक्रार पुष्कळ मैल तुंबून राहते आणि एके दिवशीं टायर फुटून बाहेर पडते. ज्या गाडीविषयीं मी आज बोलणार आहें, तिच्या बाबतींत हें असेंच घडलेलें मीं पाहिलें आहे.

अमेरिकेंत पुष्कळ जोडपीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर चाकांवरचें घर पिकअप ट्रकला जोडून देशभर हिंडतात. या घरांचा एक प्रकार ‘पांचवें चाक’ या नांवानें ओळखला जातो. नांव घोडागाडीच्या काळचें आहे. पुढचा आंस वळतां यावा म्हणून त्यावर एक वर्तुळाकार कडें आडवें बसवीत. चार चाकांवरचें तें पांचवें. आतां तें कडें राहिलें नाहीं. त्याच्या जागीं ट्रकच्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या बरोबर वर किंवा किंचित् पुढें, एक पोलादी बैठक असते. ट्रेलरच्या पुढच्या भागाखालून 2 इंच जाडीची खुंटी, म्हणजे किंगपिन, लोंबत असते. आणि बैठकीचा जबडा ती खुंटी पकडतो. ट्रेलरची निजण्याची खोली बहुधा या हौद्यावर तरंगत असते. ओझें थेट ट्रकच्या आंसावर आल्यामुळें, मागच्या बंपरला जोडलेल्या ट्रेलरपेक्षां ही जोडी वाऱ्यांत अधिक स्थिर चालते.

माझे एक स्नेही कोलोराडो राज्यांत राहतात. त्यांच्याकडे असा एक 30 फुटी ट्रेलर आहे. सामानासह वजन 12,000 पौंड. जुन्या ट्रकमागें तो असा सपाट चाले कीं टेबलावरील पेला हलूं नये. गृहस्थांना त्याचा अभिमान होता. पुढें कोणीतरी सुचविल्यावरून त्यांनीं सारी जोडी काट्यावर नेली. ट्रेलरच्या वजनाचा शेंकडा 15 ते 25 भाग खुंटीवाटे ट्रकवर येतो. यांचा 20 भाग, म्हणजे 2,400 पौंड, येत होता. त्यांत बैठकीचे 150 पौंड आणि माणसें व सामान मिळून 400. एकूण 2,950. ट्रकच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेली मर्यादा होती 2,600! पाणसळीच्या दृष्टीनें निर्दोष असलेली गाडी इतकीं वर्षें साडेतीनशें पौंड जादा ओझें वाहत होती. पाणसळीला उतार कळतो, वजन कळत नाहीं.

त्यांनीं मोठ्या तोलाचा नवा ट्रक घेतला. (तिकडे ट्रकांना ‘पाऊण टनी’, ‘एक टनी’ असें म्हणण्याची रूढि आहे, हे आंकडे आतां केवळ नांवापुरते उरले आहेत, तेव्हां त्यांवर विसंबून कोणी ओझें लादूं नये.) ओझ्याचा प्रश्न सुटला, पण नवा ट्रक चारही चाकांना गति देणारा असल्यामुळें जुन्यापेक्षां 4 इंच उंच होता. ट्रेलरचें नाक तितकेंच वर गेलें. स्नेही म्हणाले, “चार इंचांनीं काय होतें?” त्यांचा मीहि समर्थक होतों, हें कबूल केलें पाहिजे.

आतां या चार इंचांचें काय होतें तें पाहूं. खुंटीपासून ट्रेलरच्या चाकांपर्यंतचें अंतर सुमारें 20 फूट, आणि चाकांचे दोन आंस एकमेकांपासून सुमारें 3 फूट. या प्रमाणानें दोन आंसांच्या पातळींत अर्ध्या इंचाहून अधिक फरक पडतो. ट्रेलरला पोलादी पाटे असतील, तर दोन्ही आंसांच्या पाट्यांना जोडणारी मधली तरफ झुलून ओझें बरेंचसें सारखें वांटून देते. परंतु यांच्या ट्रेलरचे आंस रबराच्या पिळावर तोललेले होते. अशा रचनेंत प्रत्येक आंस स्वतंत्र. शेजाऱ्याचें ओझें तो वांटून घेत नाहीं. ट्रेलर सपाट असतां चाकांवरचे 9,600 पौंड चार टायरांत 2,400 प्रमाणें विभागले जात. नाक वर गेल्यावर मागच्या दोघांवर अधिक भार आला.

डेन्व्हरहून शायेनला जातांना, भर उन्हाळ्यांत, मागचा उजवा टायर फुटला. त्याच्या चिंध्यांनीं चाकावरचा पत्रा फाडला आणि स्वयंपाकाच्या गॅसची नळी वांकवली. मी पुढें त्यांच्या शेजारीं बसलों होतों. गॅस सुटला नाहीं, एवढेंच आमचें दैव. केवळ त्या उतारानें टायर फुटला असें मी म्हणत नाहीं. ऊन होतें, टायरहि जुना होता. परंतु उरलेल्या तिघांपैकीं मागचा डावा पुढच्या दोघांहून स्पष्टपणें अधिक झिजलेला होता.

उपाय म्हणून एका दुकानदारानें ट्रकच्या मागच्या पाट्यांजवळ हवेच्या पिशव्या बसवण्यास सांगितलें. ट्रकचा मागचा भाग ओझ्यानें दबला असतां या पिशव्या त्याला वर उचलतात हें खरें; पण येथें ट्रक वर गेला असतां ट्रेलरचें नाक आणखी वर गेलें असतें! शिवाय पिशव्यांनीं ट्रकची ठरलेली मर्यादा एका पौंडानेंहि वाढत नाहीं. रिकामा असतां पुष्कळ ट्रकांचा मागचा भाग मुद्दामच उंच ठेवलेला असतो. ओझें आल्यावर तो दोन इंच दबणें हा दोष नव्हे.

मग आम्हीं सपाट जमिनीवर मापें घेतलीं. ट्रकपासून सोडलेला ट्रेलर पाणसळीनें सपाट केला. खुंटीवरील पत्रा जमिनीपासून 46 इंचांवर आला. ट्रकच्या हौद्याचा तळ रिकाम्या स्थितींत 38 इंच, भरल्यावर 36. बैठक तळापासून 14 इंच. म्हणजे भरल्या ट्रकवर 50. फरक चार इंचांचा. बैठक चार इंच खालीं घ्यावी हें कोणालाहि सुचेल, आम्हांलाहि सुचलें. पण ट्रेलरची पोटाखालची बाजू खुंटीच्या पत्र्याहून 13 इंच वर, म्हणजे सपाट असतां 59 इंचांवर. आणि हौद्याच्या भिंतीचा कांठ, ट्रक भरल्यावर, 57. मधें राहतील फक्त 2 इंच. चढउताराच्या जागीं ट्रक व ट्रेलर निरनिराळ्या कोनांत झुकतात, आणि तेव्हां हौद्याचा कांठ ट्रेलरच्या पोटांत शिरतो. निदान साडेपांच-सहा इंच मोकळे पाहिजेत.

तेव्हां ट्रक खालीं न आणतां ट्रेलरच वर न्यावयाचा ठरला. सांगाडा आणि आंसांच्या बैठका यांमध्यें 4 इंच उंचीचे पोलादी ठोकळे घालून, ते आडव्या पट्ट्यांनीं एकमेकांस जखडले. या पट्ट्या नसतील तर वळणावर ठोकळ्यांना बाजूचा ताण सोसत नाहीं. खुंटी 50 इंचांवर आली, पोट 63 वर, मधली मोकळीक 6. ट्रेलरचा गुरुत्वमध्य तितका वर गेला, हा तोटा आहेच. म्हणून जड सामान त्यांनीं वरच्या कपाटांतून तळाच्या कप्प्यांत हलवलें.

नंतर पुन्हां काटा. ट्रेलरचे दोन्ही आंस एकाच पट्टीवर तोलले तर त्यांच्यांतील भेद कळत नाहीं. म्हणून मागचा आंस पट्टीबाहेर ठेवून केवळ पुढचा तोलला, आणि एकूण वजनांतून तें वजा केलें. दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे आले.

त्यांच्या पत्नीची मात्र एक तक्रार राहिली: ट्रेलरच्या दाराशीं पायरी चार इंच उंच झाली होती. एक जादा पायरी करून घेतली. ट्रकच्या दाराच्या आंतल्या बाजूस आतां एक चिठ्ठी डकवलेली आहे. तिच्यावर 36, 14, 50 आणि 6 एवढेच आंकडे आहेत, आणि खालीं काट्याची तारीख.