कधी गार, कधी कोमट
फ्रिज दोन दिवस नीट चालतो, मग दूध नासतं, आणि मेकॅनिक येईपर्यंत पुन्हा गार! अशा वेळी ‘गॅस संपला’ हे निदान लगेच मान्य करू नका. गॅस गळला, तर गेलेला गारवा सहसा आपोआप परत येत नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल, तर आधी संशय डीफ्रॉस्टवर घ्यावा. फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड थंड नळ्यांची जाळी असते. हवेतली वाफ तिथे गोठते आणि एक हीटर ठरावीक काळाने तो बर्फ वितळवतो. हीटर, सेन्सर किंवा टायमर बिघडला की बर्फ साचून पंख्याची हवा अडते. फ्रीझर थंड राहतो, खालचा कप्पा मात्र कोमट. फ्रिज रिकामा करून, दार उघडं ठेवून पूर्ण दिवस बंद ठेवा. नंतर काही दिवस उत्तम चालून पुन्हा तेच झालं, तर दोष बहुधा इथेच. बर्फ सुरीने मुळीच खरवडू नका; नळीला भोक पडेल, आणि अनेक नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन हा गॅस ज्वलनशील असतो.

मागून ‘टक्’ आवाज येऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर तो सुरू करणारा रिले आणि घरातलं व्होल्टेज तपासून घ्या.