बिनविजेचा पंप खरंच चालतो का?

दिवाळीत ताडकळसला गेलो तेव्हा चुलतभावानं मोबाईलवर एक रील दाखवली. पंप पाणी वर चढवतो, तेच पाणी खाली पडताना टर्बाइन फिरवतं आणि त्या विजेवर पुन्हा पंप चालतो. बिल शून्य! "दादा, ॲडव्हान्स भरू का?" शेतीची लाईट रात्री-अपरात्री येते, त्यामुळे त्याला मोह होणं साहजिक होतं.

आधी गुरुत्वाकर्षण बघू. हजार लिटर पाणी 6 मीटर वर चढवायला किमान 58,800 ज्यूल ऊर्जा लागते. खाली येताना तेवढीच परत मिळू शकते, एक ज्यूलही जास्त नाही. पाईप सरळ असो की घराला वळसा घालून नेलेला, इथं फक्त उंचीतला फरक मोजला जातो. पाणी निघालं तिथंच परत आलं की बेरीज शून्य. अशा बलाला कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स म्हणतात. (तुमच्या 5,000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 69,000 ज्यूल असतात. म्हणजे गच्चीवरची भरलेली टाकी फोनपेक्षाही कमी!)

घर्षणाचं तसं नाही. ते जातानाही अडवतं, येतानाही अडवतं. रस्ता जितका लांब तितकं नुकसान जास्त, आणि गेलेली ऊर्जा उष्णता होऊन बसते. हा झाला नॉन-कॉन्झर्व्हेटिव्ह फोर्स. पाईप, बेअरिंग, मोटर सगळीकडे तो आपला वाटा काढून घेतो. म्हणून रीलमधला पंप पहिल्या काही फेऱ्यांतच थांबणार. व्हिडिओत तो थांबत नाही, कारण वायर कुठेतरी लपवलेली असते.

मग पाणी वर चढवून वीज साठवतच नाहीत का? साठवतात की! अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना ग्रिडच्या विजेनं पाणी वरच्या धरणात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. उंचीचा फरक सुमारे 400 मीटर, त्यामुळे हजार लिटरमागे साधारण एक युनिट साठतं. तरी अशा प्रकल्पांत 100 युनिट घातले तर 75-80 च परत येतात. फायदा वेळेचा आहे, फुकट विजेचा नाही.

भावानं ॲडव्हान्स भरला नाही. आता तो सोलर पंपाचं विचारतोय. तिथं ऊर्जा बाहेरून, उन्हातून येते, त्यामुळे तो हिशोब बसतो.