जर्मनीतली दिवाळी आणि चोवीस डिसेंबर

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या बॅगेत चकलीची भाजणी असते, गोडा मसाला असतो, देवघरातला एखादा छोटा गणपतीही असतो. दिवाळीला पोरं एकटी पडू नयेत म्हणून घरचे एवढी काळजी घेतात. ड्रेस्डेनमध्ये राहून माझं मत असं झालं आहे, की दिवाळी निभावून जाते. कठीण जातो तो डिसेंबरचा शेवटचा आठवडा. त्याबद्दल निघताना कुणी काही सांगत नाही. २०२२-२३ पासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे, २०२३-२४ मध्ये ती ४९ हजारांच्या घरात होती. तेव्हा हे नीट सांगायलाच हवं.

दिवाळी शनिवारी

विद्यापीठांच्या हिवाळी सत्राचे तास साधारण ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि दिवाळी त्याच सुमारास किंवा पुढच्या काही आठवड्यांत येते. सुट्टी अर्थातच नसते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला लक्ष्मीपूजन चालू असताना इथे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि आपण प्रयोगशाळेत असतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दिवाळी लगतच्या शनिवारी होते. तिथीचा आग्रह सोडला की ती चांगली होते. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळींचे कार्यक्रम असतात. लहान शहरांत वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर हेच मंडळ.

फराळाचं सामान कुठे मिळतं

युरोपीय संघाच्या नियमानुसार बाहेरच्या देशांतून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून किंवा पार्सलने आणता येत नाहीत. त्यामुळे तूप, खवा, पनीर पाठवायला आईला सांगू नका. तुपाची गरजही पडत नाही. ‘बुटरश्माल्त्स’ नावाचं कढवलेलं लोणी इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, त्यात बेसनाचे लाडू उत्तम होतात. बेसनाला ‘किशरएर्ब्सनमेल’ म्हणतात. रवा ‘ग्रीस’ या नावाने मिळतो. लाडवासाठी त्यातला मऊ गव्हाचा, म्हणजे ‘वाइशवाइत्सनग्रीस’ घ्यावा.

बाकीच्या वस्तूंसाठी ड्रेस्डेनला मला व्हिएतनामी दुकानं फार उपयोगी पडली. पूर्व जर्मनी वेगळा देश असताना व्हिएतनामहून हजारो कामगार करारावर इथे आले होते. त्यातले बरेच एकीकरणानंतर राहिले आणि अनेकांनी छोटी दुकानं काढली. तांदळाची पिठी, फ्रीझरमधलं खवलेलं ओलं खोबरं, हिरव्या मिरच्या, केळीची पानंसुद्धा तिथे मिळतात. उकडीचे मोदक करायला आणखी काय लागतं? भारतीय दुकान दूर असेल तर आधी अशा व्हिएतनामी दुकानात जा.

तळण, पणत्या, फटाके

वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये धूर ओळखणारी यंत्रं असतात. खोलीत तळण काढू नये, सामाईक स्वयंपाकघरात खिडकी उघडूनच काढावं. यंत्रावर पिशवी बांधायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. ते धोक्याचं आहे आणि नियमाविरुद्धही. शंकरपाळी ओव्हनमध्येही छान होतात. अनेक वसतिगृहांत मेणबत्ती लावायला बंदी असते, तिथे बॅटरीच्या पणत्या चालवून घ्याव्या लागतात. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. साधे फटाकेही ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून इतर दिवशी परवान्याशिवाय उडवता येत नाहीत.

शहर सजतं तेव्हा

नाताळच्या आधीच्या चार रविवारांना इथे मोठं महत्त्व आहे. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. हाम्बुर्गच्या योहान हिनरिश विशर्न या धर्मोपदेशकाने १८३९ मध्ये आपल्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी ही पद्धत सुरू केली. नाताळची वाट बघणाऱ्या मुलांना दिवस मोजता यावेत, एवढाच हेतू.

ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट, म्हणजे नाताळची जत्रा, १४३४ पासून भरतो. त्याचं नाव श्टॉलन या सुक्या मेव्याच्या केकच्या जुन्या नावावरून पडलं. घराघरांच्या खिडक्यांत लाकडी कमानीवर दिवे लागतात. ही जवळच्या एर्ट्सगेबिर्ग डोंगरातल्या खाणकामगारांची परंपरा. महिनोन्‌महिने जमिनीखालच्या अंधारात राबणाऱ्या माणसांनी खिडकीत उजेड मांडावा, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या दिवसांत दुपारी चारला सूर्य मावळतो, दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा त्या कमानींकडे बघत घरी चालत जाणं हाच मोठा आधार होतो.

जत्रेत गरम मसालेदार वाइन मिळते. मद्य नको असेल तर ‘किंडरपुन्श’ मागावं. मगासाठी काही युरो अनामत घेतात, मग परत केला की पैसे परत. शाकाहारी माणसाला बटाट्याची धिरडी आणि साखरेत भाजलेले बदाम हमखास मिळतात.

चोवीस तारीख, दुपारचे दोन

हे सारं २४ डिसेंबरच्या दुपारी थांबतं. दुकानं दोनपर्यंत बंद होतात, बसगाड्या कमी होतात, रस्ते ओस पडतात. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं, आता शहरात जल्लोष होईल. पण इथला नाताळ घराच्या आतला सण आहे, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळसारखा: घरच्या माणसांत. जर्मन मुलंमुली दोन दिवस आधीच गावी गेलेली असतात. वसतिगृहाच्या मजल्यावर दोन-तीन परदेशी विद्यार्थी उरतात, खानावळ बंद, ग्रंथालय बंद. २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये तर २५ ला शुक्रवार आहे, म्हणजे रविवार धरून सलग तीन दिवस दुकानं उघडणार नाहीत.

किराणा २२ तारखेपर्यंत भरून ठेवा. रोजची औषधं असतील तर तीही घ्या. सुट्टीतही आळीपाळीने एखादं औषधाचं दुकान उघडं असतं, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकतं. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकानं उघडी असतात, हे लक्षात असू द्या.

आमंत्रण मागून घ्यावं

अनेक विद्यापीठांची परदेशी विद्यार्थी कार्यालयं आणि चर्चच्या विद्यार्थी संघटना नाताळला एकट्या राहणाऱ्या मुलांना स्थानिक कुटुंबांत किंवा सामुदायिक जेवणाला बोलावतात. नावनोंदणी बऱ्याचदा नोव्हेंबरमध्येच होते. संकोच करू नका. धर्म कुणी विचारत नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, कारण त्या रात्रीचं साधं जेवण बऱ्याच घरी बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज असं असतं. वेळेवर पोहोचा, जाताना घरी केलेले चार लाडू न्या.

दिवाळीच्या शनिवारी शेजारच्या खोल्यांतल्या मुलांना फराळाला बोलावलं असेल, तर डिसेंबरात हाक मारायला माणसं असतात. आमच्या मजल्यावर उरलेल्यांनी मिळून २४ ला स्वयंपाक केला; एक मुलगी सीरियाची होती, एक मुलगा व्हिएतनामचा, वरण-भात माझा. दिवाळीतल्या चकल्यांपासून झालेली ती ओळख होती.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. दिवाळीला तुम्ही फोन करताच. २४ डिसेंबरलाही करा. इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. तेवढा वेळ जागे राहा.